एक लांब, दोन आखूड

बटण दाबलं की तो ओरडतो :
एक लांब, दोन आखूड.
जुनी वही काढली. शेवटच्या पानावर
माझ्याच हातचं लिहिलेलं,
"एक लांब, दोन आखूड : डिस्प्ले कार्ड. काढून पुन्हा बसवणे.
नाही झालं तर शिव्या देणे."
दुसरी ओळ कुमुदनं सांगितलेली.

मे महिना. नंदनवनात दुपारी दोनला
कुत्रं गाडीखालून निघत नाही.
झाकणाचे चार स्क्रू मी काढते, पाचवा कधीचाच हरवलेला,
आणि वरच्या मजल्यावरचा प्रज्योत रामटेके
मोबाइलचा टॉर्च धरून उभा :
"काकू, काऊन जीव काढून राहिल्या याच्यापायी?
भंगारवाला तीनशे देईन."
"सरळ धर. उजेड त्याच्यात पाड, माझ्या डोळ्यात नको."

आत धूळ कसली, नमदाच बसलाय.
पंख्याच्या पात्यांत कुलरच्या खसच्या काड्या,
आणि पॉवर सप्लायच्या उबेला
पालीची दोन अंडी, फुटलेली, रिकामी.
म्हणजे मधल्या काळात कुणाचा तरी संसार झाला इथे.

कार्डाच्या सोनेरी दातांवर हिरवट चढलंय.
हे माझंच काम.
इतके उन्हाळे कुलर याच्याच तोंडावर सोडला,
मी घामात बसले, याला गार ठेवलं,
आणि ओल आत जात राहिली.

खोडरबरानं घासते, हलक्या हातानं, एकाच दिशेला.
सक्करदऱ्याच्या आमच्या दुकानात हे काम कुमुदचं.
कुमुद नंदनवार. हातमागाच्या घरातली पोरगी,
तिची रेघ कधी सुटायची नाही.
आलेखाच्या कागदावर एकेक अक्षर काढून
माउसनं गिरवून तिनं यात भरलं होतं :
पोट सुटलेला क, कमरेत वाकलेला र,
आणि श असा, की लोक म्हणायचे,
"श्री गणेशाय नमः तेवढं मोठ्ठं टाका."

मग स्कॅनरच्या अठराशे रुपयांवरून आम्ही भांडलो.
ती लग्न करून रायपूरला गेली.
मी पत्रिकेलाही गेले नाही, लग्न तर सोडाच.

मागच्या सोमवारी तिचा फोन. कशी आहेस वगैरे काही नाही.
"पोरीचं लग्न आहे. पत्रिका आपल्या अक्षरात पाहिजे."

नव्या लॅपटॉपला त्या फाइलींत
टक्के दिसतात, आकडे, चार प्रकारचे कंस.
अक्षर फक्त या म्हाताऱ्याला येतं वाचता.

कार्ड बसवलं. बटण.
एक लांब, दोन आखूड.
वहीतल्या दुसऱ्या ओळीप्रमाणे केलं.
प्रज्योतला दोन नवीन शिव्या कळल्या.
पुन्हा काढलं, फुंकलं, अंगठ्यानं दाबलं
खट्ट होईस्तोवर.

एकच आखूड.
काळ्या पडद्यावर पांढरं : तारीख १ जानेवारी २००२.
बॅटरी मेलीय, गोल बटणाएवढी, उद्या बर्डीवरून आणीन.
"काकू, म्हणजे मी अजून जन्मलोच नाही."
"मग टॉर्च कोण धरून राहिलं? धर."

फाइल उघडली. क त्याच पोटाचा.
मी नवरदेवाचं आडनाव टाइप करते
आणि मधोमध एक रिकामा चौकोन येतो :
का▢बांडे.

आठवलं. ळ तिनं केलाच नव्हता.
"उद्या करते," म्हणाली होती, तीन वर्षं.
तोवर आम्ही रात्री बसून
छापलेल्या प्रत्येक पत्रिकेवर पेनानं ळ काढायचो.

फोन लावला. "चालू झाला. ळ राहिलाय."
तिकडे बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या.
"इकडे हिंदीत ळ लागतच नाही ना गं.
विसरली होती मी."
"जावई पण काळबांडे पाहिला तू!"
"किती छापतेस?"
"चारशे."
"येते शुक्रवारी. पेन काढून ठेव, जाड निबाचा."

कुलरचा आवाज खाली बसत चाललाय, व्होल्टेज पडतंय.
लाइट जायच्या आत मी सेव्ह दाबते.